बिनस्क्रूचा दिवा

३ फेब्रुवारी

बसला! एकही स्क्रू नाही, वॉशर नाही, स्प्रिंग नाही. बैठक टेबलावर ठेवायची, घुमट हातात घ्यायचा, तिच्यावर दाबायचा — टक्! झाला दिवा, आता नुसता छताला लावायचा. आज दिवसभर मी तो घुमट काढत होते आणि बसवत होते, आणि प्रत्येक वेळी वेड्यासारखी हसत होते. खोलीत एकटीच होते म्हणून बरं.

मालकांना बोलावलं. आले ते नेहमीसारखे हातात चहा घेऊन. एकदा बघून बसवला. मग डोळे मिटून बसवला. मग हात पाठीमागे नेऊन बसवायला गेले आणि चहा पँटवर. "बाई, हा तर झोपेतही बसवता येईल!" म्हणाले. "वाजला की पुढचा घ्यायचा. वाजला की पुढचा!" जुन्या दिव्यातले तीन स्क्रू त्यांच्या डोक्यात बसलेत. स्क्रू हा शब्दसुद्धा ते शिवी दिल्यासारखा उच्चारतात.

पहिल्या चित्रात मी हा घुमट फिरवून बसवायचा ठेवला होता. घुमटावरची खूण बैठकीवरच्या खुणेला आली की बसला, डोळ्यांना दिसतं. पण त्याला साच्यात एक सरकता तुकडा जास्त लागत होता, म्हणजे खर्च जास्त. मालकांना मी तेच कारण सांगितलं. इथे खरं लिहायला काय जातंय — मला तो आवाज आवडला. दोन पकडी खाचेत जातात आणि टक्! कुणीही 'वा' म्हणावं असा.

५ फेब्रुवारी

आज जोडणीच्या टेबलावर पहिली चाचणी. तिथे चौघी बसतात. एक मास्तरीण — ती कुठल्याच शाळेत शिकवत नाही, पण दिसेल त्याला शिकवते म्हणून हे नाव. दोघी बहिणी, ज्या दिवसभर भांडतात आणि एकाच डब्यातून जेवतात. आणि चौथी माझी वहिनी. सख्ख्या भावाची बायको. तिला इथे मीच चिकटवलं. कारखान्यात मी तिला 'तुम्ही' म्हणते, ती मला 'बाई' म्हणते, आणि घरी येऊन आम्ही दोघी त्यावर पोट धरून हसतो.

तिघींना लगेच जमलं. एका हाताने घुमट दाबायचा, दुसरा हात पुढच्या घुमटाकडे. टक्, टक्, टक्. बहिणी भांडायच्या थांबल्या, एवढा वेग! वहिनी मात्र मागे. एका बाजूने दाबायची, मग दुसऱ्या बाजूने दाबायची, मग घुमट खाली ओढून बघायची, मग शेजारणीच्या तोंडाकडे बघायची. मालक शेजारीच उभे. शेवटी राहवेना. "अहो, एकदाच दाबायचं! वाजलं की सोडायचं! इतकं सोपं करून दिलंय तरी?"

सगळ्यांसमोर. तिने मान खाली घातली आणि "हो बाई" म्हणाली.

इतकं सोपं करून दिलंय म्हणे! मोठी आली करून देणारी. घरी येताना तिच्याशी एक शब्द बोलवला नाही, आणि ती मात्र रस्ताभर मास्तरणीच्या नकला करत होती. मला हसवायला.

६ फेब्रुवारी

डब्यात आज माझ्या आवडीचं सगळं. ती अशीच आहे. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, फिट्टंफाट तरी झाली असती.

९ फेब्रुवारी, रविवार

दादा सकाळपासून नेहमीचं गाणं गातोय — "या घरात माझं कुणी ऐकतं का?" वर्तमानपत्र कुठेय, विचारलं, वहिनी ओट्याकडे तोंड करून उभी, उत्तर नाही. चष्मा कुठेय, उत्तर नाही. "बघ, बघ," मला म्हणतो, "लग्नाला इतकी वर्षं झाली की बायकोला नवऱ्याचा आवाज पंख्यासारखा होतो. चालू असतो, पण लक्षात येत नाही." मी खूप हसले. वहिनी वळली, आम्हाला हसताना बघून तीही हसली. कशाला ते न विचारता.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची आणि वहिनी नुकती लग्न होऊन आलेली. तिच्या मैत्रिणी तेव्हा सिनेमाला जायच्या, आणि ही माझ्या वेण्या घालत बसायची. मला काही कापायला, जोडायला आवडतं हे घरात तिलाच आधी कळलं. दुकानदाराकडून रिकामी खोकी मागून आणायची. मी त्यांची घरं करायचे, आणि ती प्रत्येक घराला विचारायची, "दार कुठून उघडतं गं, चिमणे?" अजून चिमणेच म्हणते. बत्तीस वर्षांच्या घोडीला.

मागच्याच आठवड्यात म्हणाली, "मला आता माहेर राहिलं नाही. ते टेबल आहे ना, तेच माझं माहेर. सकाळी तिथे जाऊन बसले की बरं वाटतं." आणि त्याच टेबलावर मी तिला खाली बघायला लावलं.

१४ फेब्रुवारी

किल्ली विसरले होते. घंटी वाजवली. वाजवली, वाजवली, वाजवली. खिडकीच्या जाळीतून वहिनी दिसत होती — घंटीच्या अगदी खाली, स्टुलावर बसून लसूण सोलत होती. घंटी तिच्या डोक्यावर कोकलतेय आणि बाई आपल्या शांत. मला आधी हसू आलं. मग हसू गेलं.

जाळीवर थाप मारली तेव्हा दचकून उठली. "कधी आलीस? घंटी का नाही वाजवलीस?"

मी जाळीतूनच घंटीकडे बोट दाखवलं. तिच्या लक्षात आलं. लसणाची सालं गोळा करत बसली उगाच. मग म्हणाली, "बारीक आवाज नाहीत गं येत मला. घंटी, पाखरं, भांड्याची किणकिण. बोलणं येतं, माणूस समोर असला की. पाठीमागून बोललं तर नुसतं गुणगुणल्यासारखं."

"कधीपासून?"

"झालं की बरंच. कामाचं काही अडत नाही."

"आणि माझा दिवा? तो टक्?"

ती हसली, ओशाळून. "कसा वाजतो तो? सगळ्या म्हणतात छान वाजतो."

मी म्हणाले, डॉक्टरांकडे जाऊ. नको म्हणाली. दादाला सांगू. अजिबात नको म्हणाली, तो घाबरट आहे, गावभर करेल. आणि मग माझा हात धरला, घट्ट. "मालकांना तर मुळीच नाही. मला टेबलावरून उठवतील. मागच्या शेडमध्ये पॅकिंगला एकटी बसवतील. चिमणे, कुणाला नाही सांगायचं. शप्पथ घे." मी घेतली. तिच्याच गळ्याची.

१५ फेब्रुवारी

रात्रभर एकच. मी असा दिवा केला जो बसला की नाही हे फक्त कानाला कळतं, आणि तो बसवायला दिला वहिनीला! म्हणून ती बिचारी दोनदा दाबत होती, ओढून बघत होती, शेजारणीच्या तोंडावरून अंदाज घेत होती. आणि मी ओरडले.

फिरवून बसवायचा ठेवला असता तर तिला दिसलं असतं. त्यात नवं काही शोधायचं नव्हतं, माझ्याच चित्रात होतं ते. आज मालकांना सांगणार होते की बदल करू या. जिना चढून वरपर्यंत गेले. तर ते फोनवर कुणाला तरी दिव्याचा टक् ऐकवत होते! फोन घुमटाजवळ धरून! "ऐकलंत? परत ऐका!" पहिली ऑर्डर तिथल्या तिथे पक्की झाली. मला बघून अंगठा दाखवला. मी पण अंगठा दाखवला आणि खाली आले.

ही ऑर्डर जाऊ दे, मग सांगते.

२० फेब्रुवारी

पहिली खोकी गेली. मालकांनी सगळ्यांना पेढे वाटावेत तसे दिवे वाटले, घरी लावा म्हणून. आमच्याकडे वहिनीने स्वयंपाकघरात लावून घेतला. "माझ्या नणंदेने केलाय," शेजारणीला सांगत होती. आतमध्ये मी कानकोंडी.

मग सांगते, मग सांगते. अजून सांगितलं नाही.

५ मार्च

एका वाचनालयात घुमट पडला. टेबलावर कुणी नव्हतं, टेबलाची काच फुटली. कुणाला लागलं नाही. कुणाला लागलं नाही हे मी आज इतक्या जणांना सांगितलं की मास्तरीण म्हणाली, "बाई, कळलं आम्हाला."

मालकांचा चेहरा उतरलेला. पडलेला घुमट वाचनालयाने परत पाठवलाय. पकडी शाबूत आहेत. म्हणजे तुटला नाही, नीट बसलाच नव्हता. "कुणीतरी आवाज न ऐकताच पुढे ढकललाय," मालक म्हणाले. "उद्या प्रत्येकीला माझ्यासमोर बसवायला लावतो. मी शेजारी उभा राहून ऐकतो. कोण चुकतंय ते कळलंच पाहिजे."

टेबलावर वहिनी मालकांच्या ओठांकडे बघत होती. शेवटचं वाक्य तिला बरोबर कळलं. हातातला घुमट तिने किती सावकाश खाली ठेवला.

६ मार्च

लिहू का नको.

सकाळी तिच्या आधी निघाले. काम आहे म्हणाले. मालक नुकते आले होते. मी ठरवून गेले होते काय सांगायचं — की दिवाच चुकलाय, माझी चूक आहे, असा दिवा करायला नको होता ज्याचा भरवसा नुसत्या आवाजावर. अक्षरशः ही वाक्यं घोकत गेले होते. आणि तोंडातून आलं, "सर, वहिनींना नीट ऐकू येत नाही. त्यांना सगळ्यांसमोर उभं करू नका. वाईट वाटेल त्यांना."

मालकांनी डोक्याला हात लावला. "अरे देवा! मग बरोबर आहे!"

बरोबर आहे! एका वाक्यात सगळं त्यांच्या मनात चपखल बसलं. चूक कुणाची, कशी, का. दिवा सुटला, मी सुटले. अजून वेळ होता. म्हणायचं होतं, सर, थांबा, अजून आहे. मी म्हणाले, "माझं नाव नका घेऊ, प्लीज." बस्स. एवढंच सुचलं त्या क्षणी या बयेला!

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "चांगली बाई आहे, काढणार नाही मी. पॅकिंगला बसवतो."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिला वर बोलावलं. खाली आली, टेबलावरचा चष्म्याचा डबा उचलला, पाण्याची बाटली उचलली, आणि मागच्या शेडमध्ये गेली. बहिणी बघतच राहिल्या. मी माझ्या खोलीच्या काचेतून बघितलं. काचेमागून बघण्यात मी पटाईत आहे.

संध्याकाळी गच्चीवर चादरी काढायला गेलो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. घडी घालत घालत जवळ आलो तेव्हा तिने विचारलं, "तू काही बोललीस का गं मालकांशी?"

रागाने नाही. अगदी सहज. माझ्या तोंडाकडे बघत — तिला बघावंच लागतं.

"मी? छे! मी कशाला बोलू?"

"नाही, आपलं विचारलं." चादरीचं माझं टोक तिने हातातून घेतलं, घडी पूर्ण केली, आणि दुसरी चादर काढायला गेली.

शी! शी! शी!

१० मार्च

तिच्या गळ्याची शप्पथ मोडली, वर खोटं बोलले, आणि वर दोन वेळचं तिच्या हातचं गिळतेय.

१३ मार्च

पॅकिंगच्या शेडमध्ये काही निमित्त काढून गेले. खोकी, पुठ्ठे, चिकटपट्टीचा वास. वहिनी एका कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड. मी तीनदा हाक मारली. मग पुढे जाऊन उभी राहिले तेव्हा तिला दिसले. "अगं बाई! ये, ये," म्हणाली, जसं काही मी पाहुणी आलेय. खोक्यावरची धूळ पदराने पुसून मला बसायला दिलं.

"करमतं का?" विचारलं. किती मूर्ख प्रश्न.

"करमायला काय झालं. शांत आहे. मला तर सगळीकडेच शांत असतं." स्वतःच्याच विनोदावर ती हसली. मला हसता आलं नाही तर म्हणाली, "चिमणे, तू कशाला तोंड पाडतेस? दिवा चांगला चाललाय ना?"

१७ मार्च

आज जे ऐकलं ते ऐकायला नको होतं. दाराच्या अलीकडे मी, पलीकडे जेवायला बसलेल्या सगळ्या. आज वहिनीलाही बोलावलं होतं त्यांनी. मास्तरीण म्हणाली, "खरं सांगू का, राग मानू नका, पण दिव्यातच काहीतरी खोट आहे. मला तो एका हाताने दाबताना डुगडुगतो." म्हणजे तिला कळत होतं! आणि माझी वहिनी काय म्हणाली? "दिव्यात काही खोट नाही हो. माझ्याच हातून झालं असेल. तिने रात्रंदिवस खपून केलाय तो."

मास्तरणीने डबा बंद केला. आणि मी दाराआडच थांबले. आत जाऊन 'डुगडुगतो म्हणजे कसा' एवढं तरी विचारायचं! तेही नाही. वहिनीने माझी बाजू घेतली होती ना, मग मला काय!

२४ मार्च

दुसरा पडला.

दवाखान्यात. खाली बाकावर एक म्हातारे गृहस्थ नंबर यायची वाट बघत बसले होते. खांद्यावर पडला. हाड मोडलं नाही, पण काळंनिळं झालंय. डोक्यावर पडला असता तर? मालक स्वतः जाऊन भेटून आले.

बैठकीच्या आत जोडणीच्या तारखेचा छाप असतो. मी तो बघितला. पुन्हा बघितला. हा दिवा जोडला तेव्हा वहिनी टेबलावर नव्हतीच. पॅकिंगला होती.

२५ मार्च

सकाळी कुणी यायच्या आत टेबलावर जाऊन बसले. माझ्या खोलीतल्या टेबलावर नाही, त्यांच्या. त्यांच्या स्टुलावर, त्यांच्यासारखी. एक हात घुमटावर, दुसरा पुढच्या घुमटाकडे. वाकडी होऊन, घाईने, एका बाजूने दाबून.

टक्.

छान वाजला. घुमट हलवला तर डुगडुगला. डावी पकड खाचेत, उजवी बाहेर. परत केलं. टक्. परत तेच. एक पकड बसली तरी टक्, दोन्ही एकदम बसल्या तरी टक्. कानाला फरक शून्य! मी माझ्या खोलीत नेहमी दोन्ही हातांनी, सरळ, मधोमध दाबत होते. कोण दाबतं तसं दिवसभर? आणि दिवा लागून लागून तापला की एकटी पकड नरम पडणार, सुटणार. पडणारच.

म्हणजे ज्यांना नीट ऐकू येतं त्या सगळ्या फसल्या. वाजलं की सोडायचं — मीच शिकवलं ना! वाजण्यावर जिचा भरवसाच नव्हता ती भीतीने दोन्ही बाजूंनी दाबायची आणि ओढून बघायची. तिचे दिवे पडणं शक्यच नव्हतं. आणि तिलाच मी उठवलं.

स्टुलावर बसून रडले. मास्तरीण आली, काही विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे ठेवली आणि माझ्या हातातला घुमट काढून घेतला.

नंतर मालकांकडे गेले. या वेळी घोकून नाही. सगळं सांगितलं — पकडी, आवाज, माझी चाचणी कशी चुकली. आणि हेही, की वहिनीला ऐकू येत नाही हे कळलं त्या दिवसापासून मला ठाऊक होतं, दिवा बदलायला हवा. ऑर्डरच्या मोहात गप्प बसले. ते ऐकत होते. चहा गार झाला. शेवटी म्हणाले, "तो म्हातारा माणूस मला म्हणाला, जाऊ द्या, होतं असं. मला त्याच्यापुढे मान वर करता येईना." मग म्हणाले, "सगळे परत मागवायचे. एकूण एक. आणि तुम्ही ते फिरवून बसवायचं चित्र काढा बाहेर."

ओरडले असते तर बरं झालं असतं. हल्ली माझ्यावर ओरडायला कुणी मिळतच नाही.

२ एप्रिल

साचेवाले काका कुरकुर करतायत. "सरकता तुकडा, सरकता तुकडा! आधी नको होता, आता हवाय. तुमचं एक ठरवा, मग मला उठवा." पण करून देतायत. नवा घुमट: ठेवायचा, फिरवायचा, पिवळी खूण पिवळ्या खुणेला लागली की झालं. नाही लागली तर लांबूनही दिसतं. तीन पकडी, आणि फिरला की तिन्ही एकदमच अडकतात, एकटी-दुकटी अडकूच शकत नाही. आवाज? काही नाही. मुका दिवा.

जुन्यापेक्षा हा जोडायला सोपा आहे, हे विशेष. तेव्हा सुचलं होतं आणि ऐटीपायी टाकलं.

९ एप्रिल

मालकांनी वहिनीला सगळ्यांसमोर टेबलावर परत बसवलं. "चूक झाली. माफ करा," म्हणाले, चक्क हात जोडले. ती इतकी लाजली की पदर तोंडावर. बहिणींनी तिचं स्टूल आधीच पुसून ठेवलं होतं. मास्तरीण नवा घुमट कसा फिरवायचा ते तिला शिकवायला लागली, तर वहिनीचे तोवर दोन बसवून झाले होते!

मीही तिथेच उभी होते. मालकांनी हात जोडले तेव्हा मीही जोडायला हवे होते. मी टाळ्या वाजवल्या.

१३ एप्रिल, रविवार

वहिनीने परवा स्वतःच दादाला सांगितलं. आता कारखान्यात सगळ्यांना कळलंय, मग घरात कशाला लपवायचं, म्हणाली. दादा थक्क. "म्हणजे तू मला टाळत नव्हतीस?" केवढा आनंद त्या माणसाच्या चेहऱ्यावर! मग वाईट वाटलं, मग डोळे भरून आले, मग काल तिला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेला. आठ दिवस वापरून बघायला यंत्र दिलंय. घरी येऊन तिने घंटी वाजवून बघितली आणि म्हणाली, "बाई गं! इतकी कर्कश? काढून टाका ती." दादा तिच्या पाठीमागे उभा राहून हळूच काहीबाही बोलतोय आणि ती उत्तरं देतेय. सकाळपासून हाच खेळ.

ती खूश आहे. टेबल परत मिळालं, कान परत मिळाले. आता मी जाऊन 'मीच बोलले होते' म्हणून कशाला उकरून काढायचं? तिला त्रास, मला त्रास. ज्या गोष्टीने कुणाचं भलं होत नाही ती बोलायची कशाला? तिला माहीत नाही, कधी कळणारही नाही. मी जन्मभर तिला जपेन, हीच भरपाई.

हे आज दोनदा वाचलं. पटतंय. बरंचसं पटतंय.

१८ एप्रिल

मालक आज नव्या दिव्याची पहिली खोकी बघत होते. माझं नाव न घेतल्याबद्दल त्यांचे आभार मानले, एवढे दिवस राहूनच गेलं होतं.

"नाव?" म्हणाले. "अहो, मी तर त्याच दुपारी सांगितलं त्यांना. वर बोलावलं ना, तेव्हा. तुम्ही नको म्हणाला होतात, पण मला वाटलं, नणंद एवढी काळजी करते हे ऐकून बाईला बरं वाटेल."

त्याच दुपारी. म्हणजे गच्चीवर, चादरीचं टोक हातात धरून तिने विचारलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं. मी काय म्हणते तेवढंच बघायचं होतं. आणि नंतर, जेवताना सगळ्यांसमोर, दिव्यात खोट नाही म्हणाली तेव्हाही.

बाहेरून ती जेवायला हाक मारतेय. दुसऱ्यांदा. कुठल्या तोंडाने जाऊ?